झगमग भाऊजी आणि पुढची दोन चाकं

माझ्या धाकट्या दिराला सगळे झगमग म्हणतात. हे नाव जुन्या जीपवाल्यांनी ठेवलेलं. कुठलीही मोडकी जीप भाऊजींच्या पुढ्यात आणून उभी करा, त्यांचा पहिला प्रश्न इंजिनाचा नसतो, दिव्यांचा असतो. टपावर किती लावायचे, बंपरवर किती, आणि धुक्यासाठी पिवळे दोन तर हवेतच. एका म्हाताऱ्या वकिलांच्या जीपला त्यांनी एवढे दिवे लावले की बॅटरीने भर बाजारात मान टाकली आणि वकीलसाहेब काळ्या कोटासकट गाडी ढकलत घरी आले. भाऊजींना त्याचं काही नाही. ते मला म्हणाले, "पण ढकलताना दिसत कशी होती, वहिनी!"

जुन्या जीपा नव्याने उभ्या करणं हा आमच्या घरचा धंदा. घराच्या मागे पत्र्याची मोठी शेड आहे, तेच गॅरेज. माझ्या स्वयंपाकघराची खिडकी थेट तिकडे उघडते, त्यामुळे फोडणीचा वास तिकडे आणि डिझेलचा वास इकडे, असा आमचा जुना व्यवहार आहे. कुणाच्या अंगणात वर्षानुवर्षं पडलेली, सीटवर कोंबड्या बसणारी जीप येते. मग तिचा सांगाडा उघडा करायचा, गंज खरवडायचा, सडलेला पत्रा कापून नवा जोडायचा. मूळचं दमलेलं इंजिन काढून दुप्पट ताकदीचं बसवायचं, स्प्रिंगा उंच करायच्या, रुंद टायर चढवायचे. लोक हौसेने करून घेतात. आठवडाभर साहेबापुढे मान खाली घालून बसणारा माणूस रविवारी अशा जीपमध्ये चढला की त्याची छाती आपोआप पुढे येते. मी पाहिलंय.

या कामात दोघा भावांची वाटणी ठरलेली होती. जे दिसतं ते भाऊजींचं, जे दिसत नाही ते ह्यांचं. हे म्हणजे माझे यजमान. भाऊजींपेक्षा बरेच मोठे, म्हणून गॅरेजात त्यांना सगळे थोरले म्हणतात. सासरे लवकर गेले, तेव्हा भाऊजींना शाळेत पोचवणं, नखं कापणं, मारामारी करून आले की त्यांच्या वतीने माफी मागायला जाणं, सगळं ह्यांनी केलं. मी लग्न होऊन आले तेव्हा मला वाटलं, घरात दीर आहे. थोड्याच दिवसांत कळलं, हा ह्यांचा पहिला मुलगा आहे.

बोलण्याचं कामही भाऊजींकडेच. हे बोलायला लागले की गिऱ्हाइकाला वाटायचं गॅरेज बंद आहे. ह्यांचं सगळं लक्ष गिअरच्या पेटीत. या जीपांना नेहमीच्या गिअरपेटीला लागून आणखी एक लहान पेटी असते. इंजिनाची ताकद नुसती मागच्या दोन चाकांना द्यायची की चारही चाकांना, ते ती ठरवते. चिखलात, चढावर सगळी मदार तिच्यावर. हे ती पेटी बांधत. दातेरी चाकं एकेक करून बसवायची, दांडा हाताने फिरवायचा आणि डोळे मिटून कान लावायचा. चेहरा असा, की आतून कोणी काही गुपित सांगतंय. मग "झालं" म्हणायचे. एवढाच शब्द. त्यानंतर ती पेटी कोणी परत आणल्याचं मला आठवत नाही.

आमची स्वतःची एक जीप आहे. भंगारवाल्याकडून अक्षरशः तुकड्यांत आणलेली. गिऱ्हाइकांची कामं सांभाळून दोघं भाऊ तिच्यावर वर्षानुवर्षं राबले. ह्यांनी तिची पेटी बांधली आणि भाऊजींनी तिला गडद हिरवा रंग, घरी वाकवलेला बंपर आणि अर्थातच दिवे दिले. शिवाय पुढच्या चाकांना चकचकीत हब बसवले. याबद्दल जरा सांगावं लागेल, कारण पुढचं सगळं रामायण त्या हबांमुळे झालं.

मूळच्या जीपला असले हब नव्हते, पुढची चाकं आपल्या दांड्याला कायमची जोडलेली असायची. भाऊजींनी कुठून तरी हौशी लोकांचे हब पैदा केले. प्रत्येक पुढच्या चाकाच्या मधोमध वाटीएवढी चकती आणि तिच्यावर बोटांनी फिरवायचा खटका. साध्या रस्त्यावर खटका मोकळा ठेवायचा, म्हणजे गाडी हलकी पळते. चढावर जायच्या आधी मात्र खाली उतरायचं, दोन्ही चाकांपाशी वाकायचं आणि खटके फिरवून चाकं जोडायची. ते केलं नाही, तर आत बसून लीव्हर कितीही ओढा, पुढची चाकं नुसती सोबतीला. हब बघून हे एवढंच म्हणाले, "विसरायला आणखी एक वस्तू." भाऊजी म्हणाले, "दादा, मी विसरेन का?"

आमच्याकडे जुन्या जीपवाल्यांचा दरवर्षी एक मेळावा भरतो. बंद पडलेल्या दगडखाणीत, चिकणमातीचा एक चढ आहे, त्याच्यावर गाड्या चढवायच्या. त्या चढाला सगळे सासू म्हणतात, कारण तिला अजून कोणी खूश करू शकलेलं नाही. आमची हिरवी जीप यंदा पहिल्यांदाच तिथे जायची होती. भाऊजी आठवडाभर तिला पुसत होते. ह्यांनीही त्या दिवशी इस्त्रीचा शर्ट घातला, म्हणजे बघा.

सकाळपासून जीपभोवती गर्दी. कोणी दिव्यांचे फोटो काढतंय, कोणी बंपरवरून हात फिरवतंय. भाऊजी हवेत होते. शाळेतले चित्रकलेचे मास्तर माइकवरून नावं पुकारत होते. आमचं नाव आलं तेव्हा भाऊजी कुणाला तरी बंपर कसा वाकवला ते सांगत होते. नाव ऐकलं, उडी मारून बसले, लोकांकडे बघून हात केला आणि निघाले. वाकायचं राहिलं. खटके मोकळेच होते. हे मला नंतर कळलं, पण तुम्हाला आत्ताच सांगून टाकते. नाहीतर माझ्यासारखं तुम्हालाही वाटेल की पेटी फसली.

अर्ध्यापर्यंत जीप ऐटीत गेली. मग मागची चाकं जागच्या जागी फिरायला लागली, चिखलाचे लपके थेट मास्तरांच्या टेबलापर्यंत. पुढची चाकं मात्र ढिम्म. जीप क्षणभर थांबली, मग हळूहळू मागे, मग तिरकी, आणि खाली रचलेल्या टायरांच्या ढिगात पार्श्वभाग रुतवून बसली. मागचा पिवळा दिवा फुटला. लोक हसले. वाईट नव्हतं ते हसणं, सासूने आणखी एक सून घालवली एवढंच. पण भाऊजींना लोक आपल्यामुळे हसतात याची सवय होती, आपल्याला हसण्याची नव्हती.

ते सीटवर उभे राहिले आणि ओरडले, "पुढची चाकं ओढतच नाहीत! पेटी गेली! दादा, काय बांधून ठेवलंस हे?"

मास्तरांना तेवढंच पुरलं. माइकवरून सगळ्या खाणीत घुमलं, "मंडळी, आज थोरल्यांच्या पेटीने दगा दिला!"

मी ह्यांच्या शेजारीच उभी होते. ह्यांचा चेहरा तोंडात मारल्यासारखा झाला. इस्त्रीच्या शर्टाची पर्वा न करता ते चिखलातून घसरत खाली गेले. जीप ओढून काढायला भाऊजी पुढच्या हुकाला दोर बांधत होते. ह्यांनी पहिला प्रश्न केला तो बरोब्बर केला.

"हब लावले होतेस ना?"

"मग? एवढं विसरतो का मी?" भाऊजी म्हणाले. "तू तिकडून दोराचं दुसरं टोक आण."

हे दोर आणायला गेले. परत आले तेव्हा दोन्ही खटके लावलेले होते. ह्यांनी वाकून बघितले, एकाला बोट लावून पाहिलं. वर आल्यावर वकीलसाहेबांनी सहज विचारलं, काय झालं हो? हे म्हणाले, "माझंच काही तरी चुकलं असेल."

दुसऱ्या सकाळपासून ती पेटी उघडणं सुरू झालं. ह्यांनी ती गाडीखालून काढली, बाकावर मांडली, एकेक दात टॉर्च मारून तपासला. काही सापडलं नाही. बांधली, चढवली, जीप शेडमध्ये उचलून चारही चाकं फिरवून पाहिली. फिरली. त्यात समाधान वाटायचं सोडून हे आणखी काळजीत पडले. "नुसती फिरते गं," मला म्हणाले, "पण भार आला की सुटत असणार. तो दोष असा बाकावर दिसत नाही." आणि पुन्हा उघडली. नसलेली गोष्ट शोधायची म्हणजे त्याला अंत नाही. चष्म्याचा नंबर वाढला का, पाना घट्ट बसतो का, हाताला कंप आहे का, एकेक करून स्वतःचीच तपासणी चालली. जेवताना पेला बोटांनी फिरवत कान द्यायचे. मी पेला काढून घेतला तर वाटीवर आले.

"चल, एकदा खाणीत नेऊन बघू," असं हे भाऊजींना म्हणायचे. भाऊजींकडे सबबी तयार. आज माती ओली आहे. आज टायरात हवा नाही. आज गिऱ्हाईक येणार आहे. मी भाऊजींना एवढं गप्प कधी पाहिलं नव्हतं. मला वाटलं, भावासाठी जीव तुटतोय बिचाऱ्याचा.

मग लोकांनीही आपापलं शहाणपण दाखवलं. वकीलसाहेब दुसरी जीप घेऊन आले आणि ह्यांच्यादेखत म्हणाले, "झगमग, पेटीचं मात्र यावेळी तुम्हीच बघा हं." भाऊजींना पेटीतलं इतकंच कळतं, जितकं मला कोर्टातलं. तरी ते "बघतो" म्हणाले. मान खाली घालून म्हणाले, पण म्हणाले. हे तेव्हा हातातल्या फडक्याची घडी घालत होते. त्यांनी ती घडी पुन्हा उलगडली आणि पुन्हा घातली.

एके दिवशी ह्यांनी मला विचारलं, "अगं, मला कमी ऐकू येतं का?"

ह्यांचे कान म्हणजे ह्यांचं सगळं. मी म्हटलं, "माझं ऐकू येत नाही हे तर लग्नापासून आहे." ते हसले नाहीत. शेवटी कानाच्या डॉक्टरांकडे जायचं ठरलं. घेऊन गेले भाऊजी, त्याच हिरव्या जीपमधून. दवाखान्याच्या बाकावर आम्ही तिघं ओळीने बसलो. आत ह्यांच्या कानांना काहीतरी लावून बारीक आवाज ऐकवत होते आणि ऐकू आलं की बोट वर करायचं होतं. दाराच्या काचेतून दिसत होतं. परीक्षेला बसलेल्या पोरासारखे हे अंग आखडून बसले होते आणि बोट वर करताना खात्रीसाठी डॉक्टरांच्या तोंडाकडे बघत होते. भाऊजी उठून बाहेर गेले. डॉक्टर म्हणाले, वयाच्या मानाने उत्तम आहे. हे म्हणाले, वयाच्या मानाने म्हणजे गेलंच की.

त्याच आठवड्यात ह्यांनी आपला बाक आवरला. एकेक पाना, एकेक पक्कड तेलाने पुसली, जुन्या चादरीचे तुकडे करून त्यात गुंडाळली आणि लाकडी पेटाऱ्यात ठेवली. भाऊजींना म्हणाले, "पेटीच्या कामाला आता कोणी चांगला माणूस बघ. माझा हात गेला. कुणाची गाडी माझ्यामुळे चढावरून मागे यायला नको. आज टायर होते म्हणून, उद्या दरी असेल." आवाज अगदी साधा. हे जेवून झाल्यावर "पाणी दे" म्हणतात तसा.

मी स्वयंपाकघरात भांडी घासत होते. भाऊजी मागच्या दारात येऊन उभे राहिले. आत येईनात, जाईनात.

"काय हवंय?" मी विचारलं.

"वहिनी, दादाचा हात गेलेला नाही."

"हे मला काय सांगता? त्यांना सांगा."

"पेटीत काही नव्हतंच. मी हब लावायला विसरलो होतो."

मला आधी नीट कळलंच नाही. मग त्यांनी सगळं सांगितलं. दोर बांधायला वाकले तेव्हा खटका डोळ्यांसमोर होता, मोकळा. तोवर ओरडून झालं होतं, माइकवर घुमून झालं होतं, लोक बघत होते आणि दादा घसरत खाली येत होता. दादाने विचारलं तेव्हा गुडघ्याआड हात घालून त्यांनी एक खटका फिरवला. दोर आणायला पाठवलं आणि पलीकडे जाऊन दुसरा.

नळाखालचं पातेलं भरून वाहत होतं. मी ते तसंच वाहू दिलं.

"अहो, माणूस आहात की कोण? तुमच्या डोळ्यांदेखत रोज ती पेटी उघडत होते ते!"

"रोज सांगणार होतो. त्याच संध्याकाळी सांगितलं असतं तर विसरलो, एवढंच झालं असतं. दुसऱ्या दिवशी खोटारडा झालो असतो. तिसऱ्या दिवशी त्याच्याहून मोठा. जेवढा उशीर केला तेवढं तोंड उघडणं अवघड होत गेलं, वहिनी. मला माझीच किळस येते." हे सांगताना ते माझ्याकडे नाही, मोरीकडे बघत होते. एवढा मोठा माणूस, पण नाक शर्टाच्या बाहीला पुसत होता.

माझ्या अंगाचा तिळपापड झाला होता, आणि खोटं कशाला बोलू, दयाही येत होती, त्याचा आणखी राग येत होता. मी म्हटलं, "माझ्यापुढे रडू नका. मी कोण माफ करणारी? बोललात ना चारचौघांत? मग आता सांगायचंही चारचौघांत."

रविवारी जीपवाले गॅरेजात जमतात. कामं थोडी, गप्पा फार. मी मुद्दाम चहाचा ट्रे घेऊन तिथेच थांबले. मास्तर होते, वकीलसाहेब होते, आणखीही पाचसहाजण. हे कोपऱ्यात पेटाऱ्यावर बसले होते. भाऊजी मध्ये उभे राहिले. घसा खाकरला. एरवी ज्यांचं तोंड बंद करायला आम्हाला हात जोडावे लागतात, त्यांना शब्द फुटेना.

"खाणीत दादाची पेटी फसली नव्हती," ते म्हणाले. "मी हब लावायला विसरलो होतो. नंतर गुपचूप लावले आणि दादावर ढकललं."

मी ट्रे घट्ट धरला. मग मास्तर उठले, त्यांनी भाऊजींच्या पाठीवर थाप मारली आणि म्हणाले, "भाऊ असावा तर असा!"

मला कळेना हे काय चाललंय. वकीलसाहेब म्हणाले, "झगमग, मानलं तुम्हाला. थोरल्यांसाठी स्वतःवर घेताय."

"नाही हो, खरंच सांगतोय," भाऊजी म्हणाले.

"असंच म्हणायचं असतं," मास्तर म्हणाले, आणि सगळे हसले, प्रेमाने. भाऊजी जितकं खरं खरं म्हणत गेले, तितके लोक जास्त गहिवरले. एकाने तर डोळे पुसले. शपथ घेतली तर म्हणाले, बघा, भावासाठी शपथसुद्धा घेतोय. जन्मभर गिऱ्हाइकांना थापा मारल्या त्या सगळ्यांनी खऱ्या धरल्या होत्या, आणि आयुष्यात एकदा खरं बोलले तर कोणी ऐकायला तयार नाही. भाऊजी लाल झाले, मग पांढरे पडले. ट्रेमधला चहा गार झाला.

कोपऱ्यातून हे उठले. भाऊजींजवळ आले आणि हळूच म्हणाले, "पुरे कर. मला सावरायला तू खोटं बोलायची गरज नाही. माझं मी बघतो."

इतका वेळ भाऊजी कसेबसे उभे होते, या वाक्यावर खाली बसले. त्यांनी ह्यांचे पाय धरले नाहीत, काही नाटक केलं नाही. फक्त म्हणाले, "दादा, खाणीत चल. आत्ता चल."

आम्ही तिघंच गेलो. मला कोणी बोलावलं नव्हतं, मी चहाचे कप तसेच ठेवून मागे चढून बसले. खाणीत चिटपाखरू नव्हतं. आदल्या दिवशीच्या पावसाने माती ओली होती, म्हणजे हवी तशी होती. भाऊजींनी गाडी चढासमोर उभी केली आणि ह्यांना खाली उतरवून दोन्ही खटके दाखवले. मोकळे. मग ह्यांना शेजारी बसवलं, लीव्हर चार चाकांवर ओढला आणि निघाले.

अर्ध्यावर तेच झालं. मागची चाकं फिरत राहिली, पुढची ढिम्म. जीप तशीच मागे घसरत खाली आली. यावेळी दिवे फुटले नाहीत आणि कोणी हसलं नाही. भाऊजी उतरले. एका चाकापाशी वाकले, खटका फिरवला, दुसऱ्या चाकापाशी गेले, वाकले, फिरवला. परत बसून चढाला लागले. पुढची चाकं माती ओरबाडत वर निघाली आणि सासूच्या डोक्यावर जाऊनच थांबली. पेटीतून एक सलग, स्वच्छ आवाज येत होता. हे डोळे मिटून ऐकत होते. मला वाटलं, संपलं सगळं, आता हसतील.

ह्यांनी डोळे उघडले. "त्या दिवशी तुला कधी कळलं?"

"दोर बांधताना."

"मी विचारलं तेव्हा?"

"तेव्हा माझा हात खटक्यावरच होता."

भाऊजींनी इंजिन बंद केलं. हे समोर बघतच बोलले, आणि आवाज चढला नाही, चढला असता तर बरं झालं असतं.

"विसरलास त्याचं काही नाही. मीही विसरतो. ओरडलास त्याचंही काही नाही, लोक हसत होते. पण मी कान तपासायला गेलो, तेव्हा गाडी तू चालवत होतास."

भाऊजींनी कपाळ स्टिअरिंगवर टेकलं. त्यांच्या पाठीवर हात ठेवावा असं मला वाटलं, पण हात उचलला नाही.

उतरताना हे म्हणाले, "आणि आता हे कुणाला पुन्हा सांगू नकोस. पुन्हा तुझंच कौतुक करतील."

भाऊजींनी ते ऐकलं. लोकांच्या लेखी आजही ते भावासाठी बदनामी पत्करणारे मोठ्या मनाचे झगमग आहेत. कोणी तसं बोललं की ते उठून गाडीखाली जातात. तिथे काही काम नसलं तरी जातात. नव्या जीपांना दिवे लावतात, पण मोजके. गिऱ्हाईक आणखी मागतं, भाऊजी नको म्हणतात.

ह्यांनी पेटारा उघडला. चादरीचे तुकडे सोडले, हत्यारं पुन्हा बाकावर मांडली. हात पूर्वीसारखाच चालतो. जेवताना पेला फिरवणं थांबलं. मला वाटलं होतं, हे कधी तरी भाऊजींना धरून बोलतील, शिव्या घालतील, निदान एक कानाखाली ठेवून देतील आणि मोकळे होतील. तसलं काही झालं नाही. दोघं पूर्वीसारखे एकत्र जेवतात. वाढताना हे "त्याला आणखी दे" म्हणतात.

बदललं ते एवढंच. उभ्या आयुष्यात ह्यांनी आपलं काम कुणाला तपासायला दिलं नव्हतं. आता पेटी बांधून झाली की झाकण लावायच्या आधी हे हात पुसतात आणि हाक मारतात, "अरे, ये. बघून घे."

भाऊजी येतात. त्यांना त्यातलं ओ की ठो कळत नाही, हे दोघांनाही ठाऊक आहे. ते वाकतात, दातेरी चाकांकडे बघतात आणि म्हणतात, "ठीक आहे, दादा."

"नीट बघ," हे म्हणतात. टोमणा नसतो त्यात, चिडलेलेही नसतात. खरोखरच त्यांना खात्री करून घ्यायची असते. "नंतर लोकांसमोर काही निघायला नको."

भाऊजी पुन्हा वाकतात. मी खिडकी लावून घेते.